एक्केचाळीस नंबरचा चौकोन

आमच्या सात जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत कोडची एक ओळही लिहिता न येणारे एकच, महिपतकाका चाळके. आणि आम्ही टरकतो तेही त्यांनाच.

अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत राहून काकांनी तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर आमच्या शुभंकरसरांनी त्यांना रत्नागिरीत आणलं, आराखड्यांवर नजर ठेवायला. काकांचा नियम असा: आराखड्यातल्या प्रत्येक चौकोनाला नंबर, त्याच्या कोडलाही तोच नंबर, आणि कोड चालला की तो नंबर पडद्यावर उमटला पाहिजे. आम्ही मागून त्यांना ‘तलाठी’ म्हणायचो.

मग मासळीच्या कोल्ड स्टोरेजचं काम आलं. उणे अठरा अंशांची खोली, दार आपोआप कुलूपबंद होणारं, बाहेरच्या दांड्याने उघडणारं. चौकोन चाळीस: आतून कोणी घंटा दाबली, याची नोंद. एक्केचाळीस: घंटा दाबताच कुलूप सुटणं. एक्केचाळीस माझ्या वाट्याचा. काका रोज विचारायचे, “झाला का रे?” कंटाळून मी कोडमध्ये नुसता नंबर टाकला. खाली चालेल असं काहीच नाही. नंतर लिहू म्हटलं, ते राहूनच गेलं.

काम सोपवायच्या दिवशी स्टोरेजचे मालक अनिलशेठ दारापाशी उभे. स्वेटर घालून तिथल्या कामगार गंगाबाई तयार. नंबरांच्या यादीवर काकांची सही झाली की त्या क्रेट लावायला आत जाणार.

“करा ना सही,” शुभंकरसर म्हणाले.

“घंटेचे दोन नंबर उमटले नाहीत अजून.”

“आत कोणी अडकल्याशिवाय कसे उमटतील, काका?”

“बरोबर. मग अडकतो.”

आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टात काका आत गेले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शेठ समोर होते. दार लागलं.

पडद्यावर आलं, ४०. पुढे काही नाही. पुन्हा ४०. पुन्हा ४०.

“नेट स्लो असेल,” सर म्हणाले.

४०. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

मी धावत जाऊन बाहेरचा दांडा वर ओढला. हलेना.

“हो बाजूला, मेल्या!” गंगाबाईंनी मला ढकललं आणि दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

काका भिंत धरून बाहेर आले. ओठ निळे पडलेले. “उमटला?”

“नाही काका. मी नुसता नंबर टाकलाय. कोड लिहिलेलाच नाही.”

सगळ्यांनी ऐकलं. शेठ गंगाबाईंकडे बघत राहिले. “शुभंकर, आता ही आत जाणार होती रे.”

काकांच्या बोटांत पेन्सिल ठरेना. त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. “एक्केचाळीसवर फुली मार. तुझ्या हाताने.”

मारली.

“आता एकपासून सगळे परत दाखव.”

“काका, बाकीचे चालतात हो...”

“ते तू सांगतोयस.”

मी खाली मान घालून एक नंबरचा चौकोन उघडला.