मिटलेले गोळे

बारामतीच्या तेलगिरणीत मी बोर्डावर होतो असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी कुणी मोठा साहेब होतो. बोर्ड म्हणजे काळ्या दगडाची उभी फळी, तिच्यावर काटे, दिवे आणि तांब्याचे उघडे स्विच. त्या फळीची मला इतकी भीती वाटायची की सकाळी भाकरी तशीच ताटात राहायची. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. गिरणी आपली वीज आपणच तयार करायची.

दोन तेलइंजिनं होती, प्रत्येकाला एक जनरेटर. एरवी एकावर भागायचं. शेंगांचा हंगाम लागला की दोन्ही एकत्र जोडावे लागत. एका जुवाला दोन बैल जुंपावेत तसं, पावलं जुळली तर ठीक. ती जुळली का हे सांगायला बोर्डावर तीन बल्ब होते. बल्बला आम्ही गोळा म्हणत असू. हे गोळे सगळे मिळून सावकाश पेटायचे आणि मिटायचे. पेटले म्हणजे पावलं चुकली, मिटले म्हणजे जुळली. मिटल्याबरोबर स्विच टाकायचा. माणसाला उजेडात धीर येतो, आमच्या कामात तो अंधारात यावा अशी अपेक्षा. मला कशातच येत नसे.

कारण माझ्या आधीचा बोर्डवाला मी पाहिला होता. आमच्या कन्हेरी गावचाच. आदल्या हंगामात त्यानं गोळे पेटलेले असताना स्विच टाकला आणि बोर्डातून जाळ निघाला. एक डोळा गेला, अर्धा चेहरा भाजून निघाला. त्याच्या जागेवर जायला कुणी तयार होईना, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. माझं लग्न नुकतंच झालं होतं. बायको इंदापूर तालुक्यातल्या बावड्याची. तिनं त्या माणसाला एकदा बाजारात पाहिलं आणि एकच धोशा लावला. ‘पोती उचला, पर तितं उभं ऱ्हाऊ नगा.’

मलाही दुसरं काय हवं होतं? इंजिनं ज्यांच्या ताब्यात होती त्या मोठ्या मिस्त्रींना सगळे तात्या म्हणत. मी त्यांचे पाय धरले. ‘तात्या, मला गोदामात टाका.’

‘दसऱ्यानंतर दोनी इंजिनं एकदा जोडून दे,’ ते म्हणाले. ‘मग टाकतो.’

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. बोर्डालासुद्धा झेंडूची माळ, हळदकुंकू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही इंजिनं सुरू झाली. दुसरं पावसाळ्यात खोलून, धुऊन पुन्हा जोडलेलं होतं. मी स्विचसमोर उभा राहिलो. तिन्ही गोळे मिटलेले.

‘टाक!’ तात्या इंजिनाजवळून ओरडले.

हात उचलेना. मला काही समजलं होतं, काही शंका आली होती, असं मुळीच नाही. डोळ्यांसमोर फक्त तो भाजलेला चेहरा होता.

‘आरं टाक की! गोळं मिटल्यात न्हवं?’

‘व्हय तात्या,’ मी म्हणालो आणि तसाच उभा राहिलो. तेलघाण्यावरची माणसं हसायला लागली. तात्या संतापून आले, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि स्वतः स्विचच्या दांड्याला हात घातला. तो हात तिथंच थांबला.

‘येवढा वेळ मिटलेलंच हायेत? एकदाबी पेटलं न्हायीत?’

‘न्हाय.’

त्यांनी एक गोळा काढून कानाशी हलवला. आत तुटलेली तार खुळखुळली. तिन्ही तसेच, उडालेले. मग उलगडा झाला. गिरणीचे हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी पूजेच्या आरासेसाठी चांगले गोळे काढून गिरणीत बसवलेल्या देवीपुढं लावले होते, आणि पूजेच्या दिवशी बोर्ड बोडका दिसू नये म्हणून रिकाम्या जागी उडालेले बसवले होते.

देवीपुढचे गोळे आणून लावले. पेटले, पण सगळे मिळून नाही. एक पेटला, तो विझता विझता दुसरा, मग तिसरा, एकामागं एक पळाल्यासारखे. तात्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मला दरदरून घाम फुटला, कारण तात्यांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

‘वायरी उलट्या पडल्यात,’ ते म्हणाले. ‘जनरेटर जोडताना दोनीची अदलाबदल झाली. मीच जोडल्यात. कवाबी टाकला असता तरी जाळच निघाला असता.’ आणि ते खाली बसले. उठल्यावर दुसरं इंजिन बंद केलं, दोन वायरी बदलून घेतल्या आणि ते पुन्हा चालू केलं. आता गोळे एकदमच पेटत होते, एकदमच मिटत होते. ते मिटले आणि मी डोळे गच्च मिटून दांडा ओढला. खट् झालं. काही झालं नाही. दोन्ही इंजिनं एका सुरात चालू लागली. मी भिंतीला टेकलो.

दुपारी मी तात्यांना गोदामाची आठवण करून दिली.

‘न्हाय,’ ते म्हणाले. ‘तू हितंच ऱ्हायचं. मालकाला तसं सांगितलंय.’

‘तात्या, मी हुशारीनं थांबलो न्हवतो. भ्यालो हुतो.’

‘म्हाईत हाय. धीट माणूस मी एक बघितलाय त्या जागेवर. आन् आज दुसरा, मी सोता.’

संध्याकाळी घरी गेलो. बायको दारातच उभी होती.

‘सुटलासा?’

‘न्हाय. कायम झालो.’

तिनं माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून पाहिले, मग चेहरा पाहिला. ‘म्हंजी आता रोज?’

‘रोज,’ मी म्हणालो. मला वाटलं, ती रडेल. पण रडू मलाच फुटलं.