भांडं खाली ठेवून

“मावशी, तुम्ही बेडपॅन उचला. निदान करायला आम्ही आहोत.”

डॉक्टर एवढंच म्हणाले. राउंडमधले सगळे हसले. माझ्या डब्यातली भाकरी खाणारी सिस्टरसुद्धा हसली. मी भांडं उचललं आणि गेले. रत्नागिरीतल्या या आयसीयूत अठरा वर्षं आया आहे. असलं हसू ऐकून घ्यायची सवय झाली होती.

मी बोलले तरी काय होते? पाच नंबरचा पेशंट, नाटे गावचा खलाशी. फुप्फुसं निकामी झालेली, गळ्यात नळी, त्यामुळे आवाज नाही. फाईलवर रोज लिहायचे, ‘पेशंट शांत.’ मी म्हटलं होतं, “सर, हा शांत नाय. ह्यानं जगायचं सोडलंन.”

मला कळलं ते अंग पुसताना. माणूस कितीही अशक्त असो, कूस बदलताना खांदा थोडा तरी उचलून देतो. हा पहिले पंधरा दिवस देत होता. मग बंद. ताप उतरला, तरी बंद. बायको आली की तोंड भिंतीकडे. पुस्तकात हे असेल, नसेल. माझ्या हातांना कळतं.

त्या दुपारी त्याची बायको मला म्हणाली, “मावशी, हे माझ्याकडे बघत नायत. माझं काय चुकलं?”

मला माझीच लाज वाटली. मला सगळं माहीत होतं आणि चार माणसांच्या हसण्याला भिऊन मी गप्प बसले होते. तिकडे ही बाई स्वतःलाच दोष देत होती.

दुसऱ्या दिवशी राउंड आला. हातात भांडं होतं. ते खाली ठेवलं. हात धुतले. डॉक्टरांच्या आणि कॉटच्या मधे उभी राहिले आणि त्यालाच विचारलं, “दादा, जगणं नको झालंय काय? हो असंल तर डोळे मिटा.”

त्याने डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं. कुणी हसलं नाही.

“आता हे लिहा,” मी म्हटलं.

संध्याकाळी मनाचे डॉक्टर आले. गोळ्या सुरू झाल्या. बायकोला आता रोज तासभर जवळ बसू देतात. खांदा अजून उचलत नाही तो. वेळ लागतो म्हणे. मला मात्र मेमो मिळाला, कामाची मर्यादा ओलांडली म्हणून. मी दमलेय. कंबर धरते, भांडायची हौस नाही. पण मेमोवर सही केली नाही.

आठ नंबरची म्हातारी दोन दिवस खांदा उचलत नाही. उद्या राउंडला सांगणार आहे, भांडं खाली ठेवून, सगळ्यांच्या देखत. हसायचं त्यांनी हसावं. फाईलवर लिहीपर्यंत मी कॉटजवळून हलणार नाही.