उपासाला चालणारी सुई

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आजारपणात शेजारच्या काकांची खळ्यावर रचलेली पेंढ्याची उडवी पेटवली होती. कानातले आवाज सांगत आणि तो ऐकत असे. कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात धाडलं. गोळ्यांनी उतार पडल्यावर दोन-तीन वर्षांनी आमच्या हमीवर घरी सोडलं. गोळ्या चुकल्या तर पुन्हा कुलपाच्या वॉर्डात, असं बजावूनच.

आमच्या गावी, पळसदरीत, पहिले महिने सुखाचे गेले. श्रावण निम्मा झाला आणि दादा पुन्हा भिंतीला उत्तरं देऊ लागला. काका कुंपणावरून म्हणाले, "यंदा काय झालं तर मी पोलिसांत जानार हाय." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकणारच, त्यांना बोल कसा लावायचा?

दादाला आणि आईला घेऊन मी रुग्णालय गाठलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवायला पेन उचललं. आहेत त्याच गोळ्यांनी त्याचे हात थरथरत, भाताची लावणीही धड होत नसे. मी म्हटलं, "रोज घेतोय, तरी असं का?"

आई शांतपणे म्हणाली, "रोज कुटं? सोमवार, गुरुवार, शनवार, एकादस सोडून. उपासाला गोळी कशी चालंल? तिच्यात काय घालतात कोनाला ठाव?"

दादा बरा व्हावा म्हणून ती उपास करत होती आणि त्यालाही करायला लावत होती! मी तिथेच तिच्यावर ओरडले. डॉक्टरांनी मलाच गप्प केलं, त्याचाही राग आला. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आजी, इंजेक्शन चालेल का उपासाला?"

आईने विचार केला. "सुई काय तोंडातून जात नाय. चालंल."

गोळ्या वाढल्या नाहीत. महिनाभर पुरणारं इंजेक्शन सुरू झालं, ते कर्जतच्या सरकारी दवाखान्यात मिळे. आई स्वतः त्याला घेऊन जाई, उपास असला तर जास्तच ऐटीत. दिवाळीपर्यंत दादाचं भिंतीशी बोलणं थांबलं.

भाताची झोडणी उरकली आणि काका दारात उभे. "उडवी रचायला ये रं. तुझ्यासारकी कोनाला जमत नाय."

दादा निघाला. मी घरातली काडेपेटी पदराखाली लपवली आणि मागोमाग गेले. भावावरचा माझा विश्वास हा असा! दिवसभर तो पेंढे रचत होता. काम संपल्यावर काकांनी बिडी काढली आणि स्वतःची काडेपेटी त्याच्या हातात दिली.

"पेटव रं," ते म्हणाले. "पन आदी इकडं लांब ये."

दादा खळखळून हसला. मी मात्र पदरातली काडेपेटी घट्ट धरून रडत होते.