गळाची काठी पूर्णेपार

घरून निघालो तेव्हा माझ्याकडे गळाच्या दोन काठ्या होत्या. अमरावतीला पोचलो तेव्हा दीड उरली होती.

घरच्यांना ठाऊक आहेच, वडील अमरावतीच्या शाळेत बरीच वर्षं मास्तर होते. त्या काळातले त्यांचे जिवलग म्हणजे पूर्णा नदीकाठचे किसनजी माळी; सुट्टी लागली की वडील त्यांच्या गावी मासे धरायला जात. दोघांनी एकाच बेटातले बांबू तोडून दोन काठ्या केल्या होत्या. एकीच्या मुठीला लाल रेशीम गुंडाळलेलं, दुसरीच्या मुठीला काळं. बदलीच्या गडबडीत दोन्ही काठ्या कोकणात आल्या. शेवटच्या दुखण्यात वडिलांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "लाल किसनला नेऊन दे. मोडू नकोस." किसनजींना वाचता येत नाही. मास्तर गेले हे त्यांनी पत्र वाचणाऱ्या कुणा परक्याच्या तोंडून ऐकावं, हे आईला पटेना. तेव्हा काठी आणि बातमी दोन्ही पोचवायचं काम माझ्याकडे आलं. काळी काठी वडिलांची, असं धरून तीही मी हौसेने बरोबर घेतली होती.

बडनेऱ्याला गाडी बदलताना ती डब्याच्या दारात आडवी अडकली आणि कडकन मोडली. मी हमालावर तुटून पडलो. तो शांतपणे म्हणाला, "ढकलत तुमी होते जी, म्या त नुसती धरून होतो." खरं होतं ते. तिथून पुढे मी लाल काठी तान्ह्या मुलासारखी कवेत धरून प्रवास केला.

अमरावतीत राजापेठेत वडिलांचे जुने घरमालक भेटले. त्यांनी भाकर, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढला, आणि किसनजींच्या गावाची वाट सांगितली. अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून उत्तरेला बैलगाडी, मग पूर्णा ओलांडायची. गाडीवाट काळ्या मातीतून जात होती. दोन्ही बाजूंना कपाशी पिवळ्या फुलांवर आलेली. चाकं इतकी धडधडत होती की काठी मी मांडीवरून खाली ठेवलीच नाही.

नदीवर डोंगा (लाकडाची लांबट होडी) उभा होता. पाणी चांगलंच चढलेलं. काठी उभी धरून बसावं तर पलीकडच्या उताराला बाभळीच्या फांद्या थेट पाण्यावर वाकलेल्या. खाली ठेवावी तर माणसांचे पाय. नावाडी म्हणाला, "सांजेपावतर निंगत नाई मी. बसा तवपर्यंत."

मी बसलो नाही. बाभळीची दोन बेचकी तोडली, काटे तासले आणि डोंग्याच्या आतल्या अंगाला, एक पुढे, एक मागे, अंबाडीच्या दोराने पक्की बांधली. बेचक्यांत माझ्या उशीतला कापूस भरून वर धोतराची चिंधी गुंडाळली. (आई, उशी पातळ का झाली ते आता कळलं असेल.) त्यात काठी आडवी ठेवली. ती अशी डौलात बसली की मी चार पावलं मागे जाऊन पाहत राहिलो. अक्कल चालवली की सगळं होतं, असं नावाड्याला ऐकूही घातलं.

तेवढ्यात बाजाराहून परतणारी माणसं आली आणि डोंगा भरला. मी सुपारी कातरत होतो. मान वर केली तेव्हा आम्ही ऐन धारेत होतो, आणि काठीला वांग्यांची टोपली, दोन गाठोडी, चपलांचा एक जोड आणि तेलाची बुधली लटकत होती. काठी धनुष्यासारखी वाकली होती. टोपली तर माझ्या शेजारीच बसलेल्या एका माळणीने अडकवली होती.

"अहो बाई! काढा ते! मोडेल काठी!" मी किंचाळलो.

"मंग बांधली काहून, भाऊ?" ती म्हणाली. "टांगाले नाई त कशाले? मी त म्हणो, कोन्या भल्या मानसानं सोय करून ठेवली!"

सगळा डोंगा हसला. मला हसू येईना. मी काठी कोणाची, कोणाकडे चालली, ते एका दमात सांगितलं, आणि सांगता सांगता वडील गेल्याचंही तोंडून निघून गेलं. हसणं थांबलं. "किसनबुढ्याच्या मास्तरची?" म्हणत तिने टोपली काढून डोक्यावर घेतली आणि काठावर उतरेपर्यंत खाली ठेवली नाही. बाकीच्यांनीही आपापलं ओझं मांडीवर घेतलं. त्या गर्दीत माझ्या काठीपुरती जागा रिकामी राहिली. मला फार भरून आलं.

किसनजी झेंडूच्या वाफ्यात बसले होते. माणूस वाळलेला, पण नजर तिखट. मी मास्तरांचा मुलगा म्हटल्यावर चेहरा उजळला. वाटेत दहा वेळा जुळवलेली वाक्यं मला आठवेनात. मी नुसती काठी पुढे केली.

त्यांनी मुठीवरून हात फिरवला.

"हे लाल हाय," ते म्हणाले. "माही त कायी होती."

म्हणजे काळी त्यांची होती, आणि तीच मी बडनेऱ्याला डब्याच्या दारात मोडली होती.

"माह्या काठीत बाक होता, पोरा. मासा सुटे. म्या रोज म्हणो, मास्तर, तुही मले दे. त्यो म्हणे, मी मेल्यावर घेजो." त्यांनी काठी छातीशी धरली. "कधी गेला?"

मी सांगितलं. आम्ही दोघेही रडलो, मी जास्त. मग मी काळी काठी मोडल्याचंही कबूल केलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मोडली त मोडली. वाकडीच होती ते."

चार दिवस त्यांनी मला सोडलं नाही. निघायच्या दिवशी त्याच जुन्या बेटातला एक सरळ बांबू त्यांनी स्वतः तोडला. "सावलीत वायव. उन्हात ठेवशीन त चिरन."

परतीच्या डोंग्यात माझी बेचकी तशीच होती. एका बेचक्यावर कुणाची तरी छत्री टांगलेली. नावाड्याने ती काढली आणि माझा हिरवा बांबू आडवा ठेवला. पाणी ओसरलं होतं. मागे पाहिलं तर किसनजी लाल काठी टेकून काठावर उभे होते. वडिलांना मी कधी परगावी पोचवायला गेलो नव्हतो, पण त्या दिवशी त्यांना कुणाच्या तरी घरी सुखरूप पोचवून परत निघालोय, असं मला वाटलं.

बांबू आता आपल्या पडवीत सावलीत वाळतो आहे. वाळला की मी त्याची काठी करणार आहे. आईने काळं रेशीम काढून ठेवलं आहे.