डाव्या बाजूची जागा

"या. बसा," शालिनीताई म्हणाल्या आणि पलंगाच्या उजव्या कडेला सरकल्या. डावीकडे एका माणसापुरती जागा झाली. खोलीत आम्ही दोघीच होतो.

मी बडोद्यात ईईजी टेक्निशियन आहे. डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली वीज टिपायची, हे माझं काम. सोबत व्हिडिओही चालू असतो. पेशंट बोलला, हलला की रेघा बिघडतात. तिथे आम्ही 'हालचाल' असं लिहून पुढे जातो. त्या सकाळी मी सात वेळा 'हालचाल' लिहिलं.

शालिनीताई शहरातल्या समा भागात राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या चित्रकलेच्या बाई. यजमान गेले आणि महिन्याभरात घरी 'येऊ' लागले. सून दोन कप चहा ठेवायची. मुलगा मला म्हणाला, "माधुरीबेन, बाबा येतात असं तिला वाटतं तर वाटू दे ने. पण तिची मेमरी जातेय. काल मलाच विचारलं, तुम्ही कोण?"

दुपारी डॉ. त्रिवेदी आले. मी म्हटलं, "साहेब, रेघा नॉर्मल आहेत. बाकी सगळी हालचाल."

"लाइनो जवा दो. व्हिडिओ जुओ."

रेघा सोडून व्हिडिओ पाहिला. प्रत्येक 'या, बसा'च्या आधी डावा गाल ओढला जात होता, डावी मूठ वळत होती. तीन-चार सेकंद, सातही वेळा. ती फिट होती. खोलवरची फिट वरच्या तारांना कधीकधी दिसतच नाही, हे मला पाठ होतं. स्वतःची लाज वाटली.

सातव्या वेळी मात्र अंगावर काटा आला. 'या, बसा' ऐकून पडद्यावर मी, मान वर न करता, माझं स्टूल मागे घेतलं होतं. कुणाला तरी वाट दिली होती. मला ते आठवत नव्हतं. साहेबांनीही पाहिलं आणि एमआरआय लिहून दिला.

एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली, पाठीतून काढलेल्या पाण्यातही तिच्या खुणा सापडल्या. साहेबांनी मुलाला समजावलं, "मेंदूत पहारेकरी पेशी असतात, मायक्रोग्लिया. जंतू मारायचे, कचरा काढायचा. इथे शरीराचा पहारा घरच्यांवरच उलटलाय, म्हणून फिट येते. वाड ज चीभडां गळे छे." आपल्याकडे कुंपणच शेत खातं म्हणतात, तेच. "स्टेरॉइड आत्ताच द्यायला हवं. उशीर केला तर गेलेली मेमरी परत येईलच असं नाही."

"मग बाबा?"

"पछी नहीं आवे. औषधानंतर नाही येणार."

मुलाने संमतीपत्र दोनदा वाचलं. मग सही केली.

काही आठवड्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग केलं. तासभरात एकदाही मूठ वळली नाही. मुलाला त्यांनी नावाने हाक मारली, वर शर्टाची इस्त्री मोडली म्हणून रागावल्या. तो बाहेर जाऊन रडला.

मी तारा काढत होते. शालिनीताईंनी डावीकडे पाहिलं.

"हे न सांगता कधी कुठे जात नसत," त्या म्हणाल्या.

मी केसांतली पेस्ट पुसत राहिले.

तेव्हापासून व्हिडिओ नीट बघितल्याशिवाय मी 'हालचाल' लिहीत नाही. आणि स्टूलऐवजी जमिनीला बोल्टने बसवलेली खुर्ची मागितली आहे. ऑफिसने कारण विचारलं. 'पाठदुखी' असं लिहिलं.