राखणदारणीचा घड

पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे आणि तिची राखण आमची तांबडी कुत्री करते. काढणी सुरू झाली की पहिला घड देवापुढे, दुसरा कुत्रीला, हा आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा नेम. "राखती कोण? मग तिचा मान नको?" म्हणायचे. ती दोन-चार मणी चघळायची, बाकीचे मातीत लोळवायची. मीही कौतुकानं बघायचे.

गेल्या वर्षी बाग झकास आली होती. आबा खुशीत. चक्क मांडी घालून बसले आणि एकेक मणी भरवत अख्खा घड तिच्या पोटात घातला.

संध्याकाळी ती ओकली. सकाळी ट्रॅक्टरखाली निपचित पडलेली, दूध-भाकरीला तोंड लावेना. "ऊन लागलं आसंल, ताक पाजा," आबा म्हणाले. मी काही ऐकलं नाही. तिला गाडीत घातलं आणि थेट नाशिकला गंगापूर रोडचा जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? म्हटलं, द्राक्षं, दुसरं काय! त्यांचा चेहराच उतरला. "कुत्र्यांना द्राक्षं, बेदाणे विष ठरू शकतात. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याची किडनीच बसते. कालपासून लघवी झालीय?" मला सांगता येईना. "ती झाली तरच आशा," म्हणाले आणि सलाईन लावलं.

घरी सांगितलं तर आबा उसळले. "द्राक्ष आन् इख? नातवंडं खात्यात की!"

"आबा, नातवंडं माणसं आहेत!" माझा आवाज चढलाच. दीर म्हणाले, "वहिनी, कुत्र्यापायी एवढी धावपळ? दुसरं आणू." म्हटलं, "उद्या तुम्ही आजारी पडलात तर दुसरा दीर आणू का?" तिला मरू द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवसापासून आबाही दवाखान्यात माझ्यासोबत बसायला लागले. तिच्याकडे बघायचे आणि स्वतःचेच हात चोळायचे.

तिसऱ्या दुपारी ती उठली. लटपटत दारापर्यंत आली, बसली आणि धार थेट तिथं उभ्या आबांच्या चपलेवर. आबांनी पाय हलवला नाही. "मुतली गं पोरी, मुतली!" भर दवाखान्यात ओरडले आणि रडायला लागले. मीही रडले, लाज कसली!

यंदा काढणी सुरू झाली. पहिला घड देवापुढे गेला. कुत्री सवयीनं आबांसमोर येऊन बसली, शेपटी हलवत. मी कंबरेवर हात ठेवून उभीच होते, पण बोलायची वेळच आली नाही. आबा घड क्रेटमध्ये ठेवून हौदाकडे गेले, तिथून घरात, आणि परत आले ते गरम भाकरी घेऊन. "आता हाच तुझा मान, माये," म्हणाले.

तिनं भाकरी खाल्ली आणि आबांचा हात चाटला. तो त्यांनी आधी साबणानं दोनदा धुतला होता.