बिनफुलीची काच

काचवाल्यांनी उभी हयात लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. काम सोडल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि शिकारी पक्ष्यांच्या मागे लागले. घार, ससाणा, जो दिसेल तो. गुडघे चालत होते तोवर खाणीच्या कड्यावर जाऊन बसायचे. पुढे गुडघ्यांनीच हात टेकले आणि भटकणं संपलं.

मग त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या घरासमोरच्या झाडावर एक शिक्रा येऊ लागला. कबुतराएवढा, छातीवर तांबूस पट्टे, डोळे लालभडक. खिडकी उघडली की उडायचा. बंद ठेवावी, तर तिच्या लाकडी पट्ट्या फोटोत यायच्या.

"जरा सरकून बस म्हणावं त्याला," बायको म्हणाली.

काचवाल्यांनी खिडकीच बदलली. अख्खी एक काच, उघडझाप नाही, चारही बाजूंनी पक्की. आतून पुसली. शेजारच्या गॅलरीतून लांब दांड्याने बाहेरून पुसली. तिरप्या उजेडात डाग शोधून पुन्हा पुसली. अर्धवट काम त्यांना कधी खपलं नाही.

त्यानंतर ते रोज खुर्ची घेऊन बसत. शिक्रा पायाखाली सरडा दाबून तुकडे तोडायचा. मधूनच त्याच्या डोळ्यावरून एक पातळ पडदा आडवा सरकायचा, तोही दिसे. बघता बघता चहा निवून जाई आणि बटण दाबायचं राहून जाई.

एका सकाळी शिक्र्याने फांदी सोडली ती थेट खिडकीच्या रोखाने. काचवाल्यांनी बटण दाबलं. पाठोपाठ धाडकन आवाज झाला.

शिक्रा बाहेरच्या कठड्यावर पडला होता. एक पंख पसरलेला, चोच उघडी. मध्ये फक्त काच. इतक्या जवळून त्यांनी शिकारी पक्षी कधी पाहिला नव्हता, आणि आता पाहवत नव्हता.

"अहो, घ्या ना त्याला आत!"

"कुठून घेऊ? उघडते का ही?"

"मग फोडा."

"तुकडे त्याच्याच अंगावर पडतील."

ते गॅलरीत गेले. दांडा पोचत होता. पण दांड्याने पाखरू उचलता येत नाही, फक्त ढकलता येतं. ते तसेच परत आले.

बायकोने पक्ष्यांच्या दवाखान्यात फोन लावून दिला.

"काका, पडदा ओढून घ्या," तिथली डॉक्टर म्हणाली. "माणूस दिसला तर घाबरून खाली पडेल तो. शिडी घेऊन निघालोच आम्ही."

"आणि मी काय करू?"

"काहीच करू नका."

काचवाल्यांनी पडदा ओढला आणि खुर्चीत बसले. काहीच न करण्याचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"नव्या काचेवर चुन्याची फुली मारायचात ना तुम्ही?" बायकोने हळूच विचारलं. "माणसं आपटू नयेत म्हणून."

"फुली फोटोत आली असती."

 

पडद्यापलीकडे नखं खरवडल्याचा आवाज आला. पंख फडफडले. मग सगळं शांत. काचवाल्यांचा हात पडद्यापर्यंत गेला आणि मागे आला.

डॉक्टर शिडी चढून बघेपर्यंत कठडा रिकामा होता. खाली झुडपं धुंडाळली, तिथेही काही नाही.

"उडाला असेल, काका."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे मलाही माहीत नाही. काचेवर बाहेरून पट्टे मारून घ्या."

त्यांनी लगेच दांड्याला चुन्याचा ब्रश बांधून पट्टे मारले. दाट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग कॅमेरा उघडला. चौकटभर शिक्रा, पीस न् पीस स्पष्ट. आयुष्यात असा फोटो निघाला नव्हता.

बायकोने चष्मा लावला. "अगंबाई, तुमच्याकडेच बघतोय की!"

"माझ्याकडे नाही," काचवाले म्हणाले. "त्याला काचेत झाड दिसत होतं."

पुसून टाकायचं बटण त्यांना माहीत होतं. अंगठा त्यावर ठेवून ते बसून राहिले. शेवटी कॅमेरा बायकोपुढे धरला.

"तूच कर काय ते."

"मला कुठे येतंय त्यातलं," ती म्हणाली.